आतली कल्हई

शिमग्याला आठ दिवस होते, तेव्हा आमच्या वाडीत कल्हईवाला आला. चार वर्षांनी आला. वहिनीने माळ्यावरचे पितळी टोप, दोन तपेली आणि आईच्या वेळची ती बुडाशी चेपलेली सट असं सगळं खाली काढलं. खळ्याच्या कोपऱ्यात खड्डा करून त्याने भट्टी लावली, भाता जोडला. टोप तापल्यावर नवसागर टाकला, तसा पांढरा धूर उठला आणि नाकात असा झणका गेला की मला एकदम मुंबईची प्रयोगशाळा आठवली. तिथे धूर नसायचा, पण झणके होते. ऑस्मियमची बाटली उघडायची तर धुरांड्याच्या कपाटात हात घालूनच, कारण त्याची वाफ डोळ्याच्या बुबुळालाही तसंच पक्कं करून टाकते जसं ती आमच्या नमुन्यांना करायची.

मी एकतीस वर्षं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तंत्रज्ञ होते. शास्त्रज्ञ नव्हे. शास्त्रज्ञांची नावं निबंधावर असतात, आमची आभारात असतात, तीही कधीकधी. घरच्यांना मी ‘दुर्बिणीवर’ काम करते एवढंच माहीत. आईने शेवटपर्यंत शेजारणींना तसंच सांगितलं आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही.

जानेवारीत दादाची कोल्हापुरात अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले, म्हणजे रक्तवाहिनी आतून उघडी ठेवणाऱ्या धातूच्या जाळ्या. त्या दिवशी तो आरामखुर्चीत बसून कल्हई बघत होता आणि मध्येच म्हणाला, “काय गो, ती नळी आतून कशी असते? तू बघितलीयस ना?”

निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा कुठे घरातल्या कुणी मला माझ्या कामाबद्दल पहिला प्रश्न विचारला. तोही त्याच्या काळजात जाळी बसल्यावर.

मी म्हटलं, “तो टोप बघ.” कल्हईवाल्याने कथलाची कांडी तापलेल्या टोपाला आतून टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने एका हिसक्यात फिरवली. काळपट पिवळं पितळ बघता बघता चांदीसारखं झालं. किती कथील लागलं? चिमूटभर. पण ते नसेल तर आतली आमटी कळकते आणि कोकमाचं सार तर ओठाला लावता येत नाही. रक्तवाहिनीलाही आतून अशीच एक कल्हई असते, पेशींची, एकेरी थराची. १८६५ मध्ये विल्हेल्म हिस या स्विस शरीरशास्त्रज्ञाने तिला एंडोथेलियम हे नाव दिलं. मराठीत अंतःस्तर म्हणता येईल. मी मनात नेहमी अस्तरच म्हणत आले, ब्लाउजला लावतात तसं.

या अस्तराची पेशी म्हणजे पसरट, लांबोडकी फरशी. लांबी तीसएक मायक्रॉन, क्वचित त्याहून जास्त; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडी मात्र केशवाहिन्यांमध्ये काही ठिकाणी मायक्रॉनच्या पाव भागाइतकीच. साध्या सूक्ष्मदर्शकाला साधारण मायक्रॉनच्या पाचव्या भागाखालचं काही वेगळं करून दाखवता येत नाही, कारण प्रकाशाची लहरच तेवढी मोठी. म्हणजे अस्तर आहे हे कळायचं, चांदीचा क्षार लावून पेशींच्या कडाही काळ्या रेषांनी दाखवता यायच्या, पण आत काय आहे ते दिसायचं नाही. जवळजवळ शंभर वर्षं लोक त्याला रक्त गळू नये म्हणून लावलेला पातळ कागद समजत होते. पेनिसिलिनवाले हॉवर्ड फ्लोरी यांनी उत्तरायुष्यात याच अस्तराचा अभ्यास केला आणि १९६६ मध्ये लिहिलं, की हा काही नुसता सेलोफेन नाही.

हा कागद नाही हे कळलं त्यात आमच्या यंत्राचा मोठा वाटा. बर्लिनमध्ये १९३१ साली एर्न्स्ट रुस्का आणि माक्स नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन आणि काचेच्या भिंगाऐवजी चुंबकाची वेटोळी वापरून पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक केला. रुस्कांना त्याचं नोबेल मिळालं १९८६ मध्ये, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. आमच्याकडे त्याच्या पेढ्यांचा बॉक्स आला होता. कुणी आणला ते आठवत नाही, पण आमचा कुणीतरी नातेवाईक जिंकल्यासारखं वाटलं होतं खरं.

दादाला हे सगळं सांगितलं नाही. त्याला सांगितलं ते चकत्यांचं.

आजी अडकित्त्याने सुपारी कातरायची, ती दादाला आठवते. रोठा सुपारीची पापडी उजेडात धरली तर पलीकडचं बोट दिसायचं. आम्हाला त्याहून पातळ हवं असायचं, सत्तर नॅनोमीटर. एक मिलिमीटर जाडीच्या तुकड्याच्या चौदा हजारांवर चकत्या. ओल्या मांसाच्या तशा निघत नाहीत. म्हणून आधी ग्लुटाराल्डिहाइडमध्ये प्रथिनं बांधायची, ऑस्मियमने चरबी पक्की आणि काळी करायची, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन पाणी काढून टाकायचं, राळेत मुरवायचं आणि भट्टीत साठ अंशांवर दोन दिवस ठेवायचं. मग जांभ्यासारखं टणक झालेलं ते ठोकळं काचेच्या सुरीवर कापायचं. काच आम्हीच तोडायचो, दर सकाळी नवी, कारण काचेची धार शिळी होते. हिऱ्याची सुरी होती, पण ती बाईंच्या कपाटात. आमच्या विभागप्रमुखांना सगळे बाईच म्हणायचे.

सुरीला मागे एक लहानशी द्रोणी चिकटवलेली असते, पाण्याने भरलेली. तिला प्रयोगशाळेत होडीच म्हणतात. कापलेली चकती घसरत त्या होडीतल्या पाण्यावर येते आणि तरंगते. तिची जाडी रंगावरून ओळखायची, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखी. जांभळी म्हणजे जाड, टाकून द्या. सोनेरी चालेल. रुपेरी आली की श्वास रोखायचा, कारण फुंकर लागली तरी गेली. तिला सरकवायला कुठलंही हत्यार चालत नाही. काडीच्या टोकाला चिकटवलेला पापणीचा केस लागतो. लहानपणी पापणीचा केस गळला की मुठीवर ठेवून इच्छा मागायची आणि फुंकायचा. मी तो जपून डबीत ठेवू लागले. मागायची इच्छा एकच असायची, आज चकतीला चुणी पडू देऊ नको.

मग ती तांब्याच्या तीन मिलिमीटरच्या जाळीवर उचलायची, युरेनियम आणि शिशाच्या क्षारांनी रंगवायची आणि निर्वात नळीत सोडायची. वीस हजार पटीने मोठी केली तर ती तीन मिलिमीटरची जाळी साठ मीटरची होते. म्हणजे आमच्या खळ्यापासून बामणवाडीच्या विहिरीपर्यंत. तेवढ्या जागेत, अंधाऱ्या खोलीत, हिरवट चमकणाऱ्या पडद्यावर, आपण शोधत काय असतो? दोन मिलिमीटर रुंदीची एखादी कांडी.

ती कांडी मला फार प्रिय. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये एवाल्ड वाइबेल नावाचा तरुण स्विस संशोधक जॉर्ज पॅलाडे यांच्या प्रयोगशाळेत होता. त्याला अस्तराच्या पेशींत लांबट कांड्या दिसल्या, जाडी मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढी, आत बारीक नळ्यांचा गठ्ठा. दोघांनी १९६४ मध्ये ते छापलं. कांड्या कशासाठी आहेत याचा पत्ता नव्हता. पुढे १९८२ मध्ये कळलं, की त्यांत रक्त गोठायला मदत करणारं एक प्रथिन गुंडाळून ठेवलेलं असतं, व्हॉन विलेब्रँड घटक. अस्तराला इजा झाली की कांडी फुटते आणि त्या प्रथिनाचे दोर बाहेर पडतात, त्यांना प्लेटलेट चिकटतात. अठरा वर्षं ती गोष्ट नुसती दिसत होती. मला त्या अठरा वर्षांतले तंत्रज्ञ आठवतात. रोज फोटो काढत असणार, कपाटात ठेवत असणार.

पॅलाडे यांनीच त्याआधी, १९५३ मध्ये, या पेशींच्या पृष्ठभागावरचे सुरईसारखे सूक्ष्म खळगे दाखवले होते. जागोजागी अस्तर वेगळं असतं हेही या चकत्यांनीच दाखवलं. मूत्रपिंडाच्या गाळणीत त्याला भोकं असतात, साठ-सत्तर नॅनोमीटरची. मेंदूत भोकं सोडाच, पेशींमधल्या फटीसुद्धा शिवून टाकलेल्या असतात. १९६७ मध्ये रीझ आणि कार्नोव्स्की यांनी उंदरांच्या रक्तात एक रंगणारं विकर सोडलं आणि ते मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या या शिवणीपाशीच अडलेलं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पकडलं. शिंप्याने एकाच ताग्याचं अस्तर कोटाला एका तऱ्हेने आणि झबल्याला दुसऱ्या तऱ्हेने लावावं, तसं.

आता माझ्या फजितीची गोष्ट. पहिल्या वर्षी मी उंदराच्या महाधमनीचा तुकडा काढून सरळ द्रावणात टाकला, नेहमीसारखा. फोटो सुंदर आले. आतल्या भिंतीला वळ्याच वळ्या, कौलांच्या पन्हळीसारख्या, आणि प्रत्येक वळीवर एक पेशी उंटासारखी पाठ काढून बसलेली. मी खुशीत बाईंकडे नेले. बाईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “हे धमनीचं चित्र नाही. धमनी मेल्यावर कशी आक्रसते त्याचं आहे.” दाब गेला की धमनीच्या भिंतीतले लवचीक पडदे गोळा होतात आणि अस्तराला चुण्या पडतात. जिवंतपणी ते ताणलेलं, सपाट असतं. खरं बघायचं तर बेशुद्ध उंदराच्या रक्ताच्या जागी द्रावण सोडायचं, आणि तेही त्याच्याच रक्तदाबाने. शंभर मिलिमीटर पारा म्हणजे पाण्याचा एकशे छत्तीस सेंटिमीटरचा स्तंभ. म्हणून बाटली भिंतीवर, उंदरापासून तेवढ्या उंचीवर टांगायची. आम्ही खिळ्याजवळ पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती.

उंदरांचा हिशेब मी ठेवला नाही. ठेवायला हवा होता असं आता वाटतं.

दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात, ज्याला स्कॅनिंग म्हणतात, चकती लागत नाही. भिंत आतून उघडून तशीच बघता येते, डोंगरमाथ्यावरून गाव बघावं तशी. पण तीही वाळवूनच. आणि वाळवण्यातली गोम कोकणातल्या माणसाला सांगावी लागत नाही. ओला बोंबील दोरीवर टाकला की दोन दिवसांत त्याची चामडी होते. पाणी उडून जाताना सगळ्याला आत ओढून घेतं. पेशीचंही तेच. म्हणून पाण्याच्या जागी आधी अल्कोहोल, मग द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि एकतीस अंशांच्या वर, वातावरणाच्या त्र्याहत्तर पटींहून अधिक दाबात न्यायचं. तिथे द्रव आणि वायू यांतली सीमाच पुसली जाते. पृष्ठभागच उरत नाही, मग ओढणार कोण? पेशी न चेपता वाळते. वर सोन्याचा काही नॅनोमीटरचा मुलामा. एवढं करूनही काही गोष्टी निसटतातच. जिवंत अस्तरावर शर्करेच्या साखळ्यांची लव असते, रक्त तिला चाटून जातं. आमच्या नेहमीच्या पद्धतींत ती धुऊन जायची किंवा चिकटून बसायची, आणि वर्षानुवर्षं सगळ्यांना अस्तर उघडंबोडकं दिसत होतं. १९६६ मध्ये लुफ्ट यांनी रुथेनियम रेड नावाचा रंग वापरला, तेव्हा ती लव दिसली. पूर्णगडच्या खाली ओहोटीला कातळावर शेवाळ बघा, काळं पडून लोळत असतं. भरतीला त्याच जागी बुडी मारा.

दादा म्हणाला, “म्हणजे तू सगळं ओहोटीलाच बघितलंस.” हे त्याने नेमकं बोललं. मी पुढे दोन दिवस त्यावर नाराज होते.

पण ओहोटीलाही एक गोष्ट चुकत नाही, ती म्हणजे दिशा. आमच्या गडग्यावरून मुचकुंदीची खाडी दिसते. नांगरलेल्या होड्या बघाव्यात. भरती चढत असते, तेव्हा सगळ्यांच्या नाळी, म्हणजे पुढची टोकं, समुद्राकडे, ओहोटी लागली की अर्ध्या तासात सगळ्या वळून नाळी खाडीच्या वरच्या अंगाला. कुणी वळवत नाही. शेजारचे तांडेलकाका म्हणतात, “होडीला तोंड पाणी देतं, बाय.” धमनीच्या सरळ भागात अस्तराच्या पेशी अगदी अशाच दिसतात, सगळ्या लांबट, सगळ्या प्रवाहाच्या रोखाने. सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या फोटोत रक्त कुठेच नसतं, पण ते कुठल्या रेषेत वाहत होतं हे लहान पोरही सांगेल.

नाळ शब्दावरून आठवलं. १९७३ मध्ये एरिक जाफे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळाच्या नाळेतल्या शिरेतून या पेशी सोडवून बशीत वाढवण्याची पद्धत दिली. ती आजही चालते. बशीतल्या स्थिर पाण्यात त्या पेशी गोल-चौकोनी राहतात, फरसबंदीसारख्या, तोंड कुठेच नाही. त्यांच्यावरून पातळ द्रव वाहता ठेवला की एक-दोन दिवसांत लांबतात आणि प्रवाहाला लागतात. आपल्या भाषेत होडीचं पुढचं टोक आणि बाळाची ती दोरी यांना एकच शब्द आहे, याचा त्या पेशींशी संबंध नाही. तरी मी ही गोष्ट प्रयोगशाळेत प्रत्येक नव्या मुलीला सांगायचे.

आणि जिथे खाडी वळते, वाळूच्या दांड्यापाशी, तिथे पाणी घोटाळतं. तिथल्या होड्या एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे. धमनीला जिथे फाटा फुटतो, तिथे पेशी तशाच बेदिशा, गोल. आणि रोग तिथेच धरतो. सगळ्या शरीरात तेच रक्त, तेच कोलेस्टेरॉल, पण चरबी बसते ती फाट्यांवर आणि वळणांवर.

‘बसते’ हा शब्दही फसवा. दादाला डॉक्टरांनी पाइपमध्ये गाळ साठल्याचं चित्र काढून दाखवलं होतं. घाईत ते ठीक आहे, पण चरबी नळीच्या पोकळीत साठत नाही, अस्तराच्या खाली, भिंतीत साठते. पांढऱ्या पेशी अस्तराला चिकटतात आणि दोन फरश्यांच्या सांध्यातून आत शिरतात. हे शिरताना पकडलेले फोटो मी पाहिले आहेत, अर्धी पेशी बाहेर, अर्धी आत. पावसाळ्यात मातीच्या भिंतीला ओल येते, वरचा चुना फुगतो पण दिवसेंदिवस पडत नाही, तसं. फुगाऱ्यावरचं अस्तर फाटलं की खालचं सगळं रक्ताला दिसतं आणि रक्त तिथे गोठतं. दादाला छातीत कळ आली ती तेव्हा.

इथवर कल्हईची उपमा चालली, पुढे थोडी लंगडते. कल्हई निर्जीव, अस्तर जिवंत आणि बोलकं. ते बोलतं हे कळलं घासण्यामुळे. न्यूयॉर्कचे रॉबर्ट फर्चगॉट वर्षानुवर्षं सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या ॲसिटिलकोलीनमध्ये टाकत आणि पट्ट्या आकुंचन पावत. मग कधीतरी त्या सैल होऊ लागल्या. शोध घेतल्यावर लक्षात आलं, की पट्टी कापताना आतली बाजू घासली जाते की नाही, एवढाच फरक होता. घासली तर अस्तर जातं आणि सैलावण्याचा निरोप देणारं कुणी उरत नाही. त्यांनी आणि झवाडझ्की यांनी ते १९८० मध्ये प्रसिद्ध केलं. निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू, हे पुढच्या सातेक वर्षांत ठरलं आणि १९९८ चं नोबेल त्याला मिळालं. वहिनीला मी एवढंच सांगितलं, की सोडणाने आणि राखेने टोप घासू नकोस. ती म्हणाली, “ते मला तुझं नोबेल यायच्या आधीपासून ठाऊक आहे.”

संध्याकाळी दादाचा खरा प्रश्न निघाला. जाळीवर रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या हातात घेऊन म्हणाला, “छातीत आता काही होत नाही. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. यातली एक बंद केली तर?”

फुगा फुगवून जाळी भिंतीत दाबतात, तेव्हा त्या जागेचं अस्तर घासलं जातं. मग उघड्या धातूवरून रक्त जात राहतं. जाळीची तार मिलिमीटरच्या बाराव्या भागाएवढी, म्हणजे अस्तराच्या पेशीपेक्षा कितीतरी पटींनी जाड. आजूबाजूच्या पेशींनी या उंचवट्यांवर चढून हळूहळू त्यांना झाकायचं असतं. आणि जाळीला लावलेलं औषध भिंत आतून परत जाड होऊ नये म्हणून वाढ रोखतं, ते अस्तराचीही वाढ रोखतं. प्राण्यांतल्या जाळ्या काढून त्या कितपत झाकल्या गेल्या हे स्कॅनिंग सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मी असे नमुने केले आहेत. काही तारांवर सलग चादर, आणि मध्येच एखादी तार लख्ख उघडी, तिच्यावर दोन-चार प्लेटलेट हातपाय पसरून बसलेल्या. बाहेरून त्या प्राण्याला काही होत नव्हतं.

मी दादाला म्हटलं, “तुझी कल्हई अजून धरायचीय. हिरड्यांचं डॉक्टरांना फोन करून सांग, पण गोळी ते म्हणतील तेव्हाच सुटेल.” तो गप्प बसला. दादा गप्प बसला म्हणजे पटलं असं नव्हे, हे साठ वर्षांचं शहाणपण.

रात्री जेवणाआधी त्याने बॅटरी घेतली आणि एकेक टोप आतून बघू लागला. मी कधी कुणाला इतक्या बारकाईने भांडं बघताना पाहिलं नव्हतं, प्रयोगशाळेतही नाही. आईची सट त्याने दोनदा फिरवली. बुडाला जिथे चेप आहे, तिथे बोटभर जागा पिवळीच राहिली होती.

“इथं धरली नाही गो.”

कल्हईवाला एव्हाना गावखडीला पोचला असणार. वहिनीने सट हातातून घेतली, उजेडात धरली आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे. हिच्यात आंबट घालायचं नाही, झालं.” कोकमाचं सार मोठ्या टोपात केलं होतं. दादा दोन वाट्या प्यायला, मग उठून खिडकीतून त्याची गोळ्यांची डबी काढली आणि वहिनीकडे पाणी मागितलं.